चौरागडाला टोक नाही

प्रयागमावशी रागावली की आधी तिचा चरखा थांबतो.

आमच्या नागपूरच्या तांडापेठेत मागांची खटखट आणि कांड्या भरायच्या चरख्यांची घरघर पहाटेपासून चालू असते, त्यामुळे आम्हाला ती ऐकूच येत नाही. ऐकू येतं ते तिच्यातून काहीतरी कमी झालेलं. मावशीच्या, म्हणजे परात्यांच्या, घरातली घरघर तुटली की गल्लीतल्या बायका हातातलं काम हातातच धरून उभ्या राहतात. मग पहिला शब्द येतो, आणि तो नेहमी तोच असतो.

"काहून जी?"

नक्कल करायची तर यातला 'का' विहिरीत बादली सोडावी तसा खोल सोडायचा आणि 'जी' दोर तुटावा तसा तोडायचा. आवाज चढवायचा नाही. पोरांना वाटतं राग म्हणजे आरडाओरडा, आणि तिथंच त्यांची नक्कल फसते. मावशीचा राग हळू आवाजात येतो, म्हणून तर ऐकायला सगळी गल्ली दारात येते.

आणि तो राग फालतू नसतो. विणकरांच्या सोसायटीतून सूत कमी आलं आणि कारकून म्हणाला "पूर्ण समजा", तेव्हा मावशी तिथल्या बाकावर बसून राहिली. सूत पूर्ण झाल्यावर उठली. 'समजा' हा शब्द तिच्यासमोर काढायची सोय नाही. "समजून पोट भरते का जी?" असं विचारते, आणि उत्तर येईपर्यंत पापणी हलवत नाही.

अशा बाईच्या घरात बारा-तेरा वर्षं एक भलंमोठं 'समजा' राहत होतं, आणि तिला ते माहीत नव्हतं. इतरांना माहीत होतं. मला चीड येते ती याची.

शामला, मावशीची एकुलती पोरगी, लहान असताना विषमज्वरानं पडली होती. डॉक्टरांनी हात टेकले. मावशीनं बडा महादेवाला नवस केला: पोरगी उठली तर चौरागडावर, तुझ्या देवळापुढं, लोखंडाचा त्रिशूळ उभा करीन. आमच्याकडची माणसं महाशिवरात्रीला सातपुड्यात जातात, तोच हा डोंगर, पचमढीजवळचा. खांद्यावर त्रिशूळ घ्यायचा, "हर बोला" करत चढायचं, वर नेऊन रोवायचा. पोरगी उठली. पण उठलेल्या पोरीजवळ आई हवी, म्हणून त्रिशूळ घेऊन गेले चंद्रभानकाका, तिचे नवरे, नत्थूजींच्या जत्थ्यासोबत. नत्थूजी हेडाऊ हे आमच्या गल्लीतून दरवर्षी जत्था नेणारे भगत. काका परत आले ते विभूतीची पुडी घेऊन. गल्ली त्यांच्या पाया पडली.

आणि मग दर शिवरात्रीला काकांची गोष्ट व्हायची. चंद्रभानकाका बोलतात ते मागावरचा धोटा फेकल्यासारखं. एक वाक्य इकडून तिकडे, मग थोडं थांबणं, मग दुसरं तिकडून इकडे.

"काय सांगू गा बावा. वर गेलो. पाय ठेवाले जागा नाई. एवढंसं टोक! सुईवानी. एका येळेले एकच मानूस उभा राहू शकते. एकानं उतरावं, मंग दुसऱ्यानं चढावं. इकून वारा, तिकून वारा. आन् बरफ! बोट लावलं तं बोट चिकटलं."

इथे ते बोट वर करून दाखवायचे, आणि आम्ही खरंच त्या बोटाकडे पाहायचो. आमच्यापैकी कुणी बर्फ पाहिला असेल तर तो गोळीबार चौकातल्या गाडीवरचा, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. पण टोकदार पांढरा डोंगर सगळ्यांनी पाहिला होता. प्रत्येक घरात कॅलेंडरावर महादेव त्याच डोंगरावर बसलेला असतो. काकांची गोष्ट कॅलेंडराशी जुळत होती, म्हणून खरी होती.

पण नत्थूजी दरवर्षी वर जात होते. त्यांच्या जत्थ्यातले चारपाच जणही जात होते. ते सगळे ही गोष्ट ऐकत, सुपारी चघळत, आणि माना हलवत. माना!

शामलासाठी उमरेडहून स्थळ आलं ते सत्याहत्तर सालच्या पौषात. बाबाराव नंदनवार, मुलाचे वडील, स्वतः आले. जाडजूड माणूस, आवाज मऊ. प्रत्येक वाक्याच्या आधी "तसं पाहता" म्हणायचे. पोरगी पाहिली, पोहे झाले, बोलणं महादेवावर आलं. बाबाराव दोन वर्षांआड चौरागडाला जात. कुणीतरी म्हणालं, "आमचे चंद्रभानजी पन गेले होते, त्रिशूळ घेऊन," आणि काका सुरू झाले. टोक. वारा. बर्फ. बोट.

बाबाराव ऐकत राहिले. मग म्हणाले, "तसं पाहता, तलाव कोन्या बाजूले होता जी तुम्ही गेले तवा?"

"तलाव?" काका हसले. "टोकावर तलाव कसा राहीन, बाबारावजी?"

"टोक?" बाबारावांनी हातातली बशी खाली ठेवली. "तसं पाहता, चौरागडाले टोक नाई. वर मैदान आहे. जुन्या किल्ल्याच्या भिंती आहेत. शंभर जन आरामात जेवाले बसतीन."

आतल्या खोलीत मावशी शामलासाठी नवीन बांगड्या काढत होती. तो किणकिणाट थांबला. ती दारात आली.

"काहून जी?"

काकांनी बोट खाली घेतलं.

बाबाराव भला माणूस. "माही चूक होत असन, दुसऱ्या बाजूनं गेले असतीन" असं म्हणत, चप्पल उलटी घालत निघाले. मावशीनं त्यांना दारातच थांबवलं. "बाबारावजी, पोरगी नवसाची आहे. नवस फिटला का नाई ते मले आता मालूम नाई. त्रिशूळ वर गेला तं मंगच तारीख. नाई गेला तं लगन नाई." बाबाराव मान हलवून गेले. त्यांच्या मुलाला शामला आवडली होती, शामलालाही तो आवडला होता, आणि हे सगळं आता एका डोंगराच्या आकारावर येऊन अडकलं होतं.

काकांनी त्याच दुपारी सांगून टाकलं. अर्ध्या चढावरून परतले होते. त्रिशूळ पायथ्याशी, भुराभगतला, एका पिंपळाला टेकवून ठेवला होता. "काहून जी?" ला मात्र उत्तर दिलं नाही. मागावर जाऊन बसले. आमच्याकडचे माग खड्ड्याचे. माणूस कमरेपर्यंत जमिनीत, पाय खाली दाबायच्या पावड्यांवर. काका त्यात उतरले की त्यांना बाहेर काढायची कुणाची टाप नसते.

मावशी नत्थूजींच्या ओट्यावर गेली. नत्थूजींचं बोलणं म्हणजे सुपारी आणि उपदेश; प्रत्येक वाक्याच्या शेवटी अडकित्ता वाजतो.

"हो, मले मालूम होतं." कट्. "मी सोबत होतो ना." कट्. "मानसाची अब्रू असते बाई." कट्. "तुह्या घराचीच अब्रू राखली आम्ही." कट्.

"आन् महादेवाची?"

अडकित्ता थांबला.

"दर शिवरात्रीले तुम्ही माह्या अंगनात बसून माना हालवल्या. माह्या हातचा चहा पेले. मंग कदी पोरगी आजारी पडली तं मी म्हनो महादेव पाहून राहिला. त्याच्याकडे काई गेलंच नव्हतं, नत्थूजी. तो कायले पाहीन?"

"मनानं वाहिला समजा..."

नत्थूजींनी नंतर सांगितलं की बाईनं सरळ अडकित्ता उचलला आणि नालीत टाकला.

शिवरात्र महिन्याभरावर होती. मावशी लोहाराकडे गेली आणि नवीन त्रिशूळ घडवला. मापासाठी काकांना उभं केलं: बरोबर त्यांच्या उंचीचा. "उशिराचा नवस वजनानं फेडा लागते," म्हणाली. असा कुठला नियम नाही. तो तिनं रागात केला. पाठीवर बांधायला पट्टे तिनंच वळले, मागावरच्या उरलेल्या सुताचे, आणि मागावरच्या ताण्याला, उभ्या धाग्यांना, पाजण करतात तशी त्यांना भाताची खळ पाजून गल्लीत उन्हात वाळवले. कडक झाले, वेतासारखे.

काका मागावरूनच म्हणाले, "खळ काढून घे वं. तिकडे दमट राहते. सूत घसरन."

"तुमचं ऐकाचे दिवस गेले," मावशी म्हणाली.

सूत, खळ, ओल आणि ऊन यातलं काकांना कळतं तेवढं तांडापेठेत कुणाला कळत नाही. पण त्या महिन्यात काकांनी 'सूर्य पूर्वेले उगवते' म्हटलं असतं तरी मावशीनं पश्चिमेकडे पाहिलं असतं.

जत्थ्यात आम्हीही होतो, माझी आई आणि मी. छोट्या रेल्वेनं छिंदवाडा, पुढे मोटारीनं कोळशाच्या खाणींच्या गावांतून, मग पायी. काकांना मावशीनं ओढून आणलं होतं. "तुम्ही काई उचलू नका. फक्त पाहा," एवढंच ती त्यांच्याशी बोलली.

सुरुवातीला दगड ओळखीचा होता. काळा, सीताबर्डीच्या टेकडीचा असतो तसा. भुराभगतच्या पुढे चढ लागला आणि दगडाचा रंगच फिरला. पिवळा, तांबडा, भाजक्या विटेचा. नखानं खरवडला तर रेती हातात. आमचे भूगोलाचे सर हे शिकवताना टाचा उचलतात: "वालुकाश्म, मुलांनो, वालुकाश्म! कोट्यवधी वर्षांपूर्वी नद्यांनी आणलेली वाळू! थरावर थर! थरावर थर!" प्रत्येक थराला एक टाच. मी वर्गात झोपून काढलेलं हे प्रकरण इथे समोर उभं होतं. कड्यांमध्ये थर इतके स्वच्छ दिसत होते की आई म्हणाली, "दुकानात लुगड्यांच्या घड्या ठेवल्यावानी दिसून राहिलं." वरचा थर लोखंडासारखा टणक, खालचा मऊ. पाणी आणि वारा खालचा मऊ दगड खातात, वरचा तसाच झाकणासारखा राहतो, मग कडेचा भाग कोसळतो. म्हणून इथल्या डोंगरांना टोकं नसतात, कडे असतात. माथा सपाट आणि बाजू एकदम सरळ, तोडल्यासारख्या. काकांनी हे पाहिलंच नव्हतं असं नाही. बाजू पाहिल्या होत्या, म्हणूनच माथा पाहिला नव्हता.

हवाही लहरी. पायथ्याशी पहाटे गवतावर पांढरं दहिवर होतं, माझी बोटं वळत नव्हती. दुपारी तोच उघडा दगड असा तापला की अनवाणी चढणारे उड्या मारायला लागले. नागपुरात माघात आकाश म्हणजे कोरडा पत्रा. इथे सूर्य कलला तसे ढग कुठून तरी येऊन माथ्याला चिकटायला लागले, जणू माथ्यानंच त्यांना बोलावलं होतं.

"हर बोला!" नत्थूजी पुढून ओरडले. अडकित्ता नवा होता. "पाय उचला, बाप्पा हो! पानी येऊन राहिलं!"

पाणी नाही, गारा आल्या. आधी पानांवर टपटप, मग दगडावर, मग डोक्यांवर. बायकांनी पदर दुहेरी केले. आम्ही एका उताराच्या खडकावर होतो. एका बाजूला कड्याची भिंत, दुसऱ्या बाजूला खडक तिरपा होत जाऊन एकदम संपत होता. त्याच्या पुढे नुसतं धुकं. काका भिंतीला पाठ लावून बसले ते बसलेच. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हातांनी दगड धरलेला. मला तेव्हा समजलं ते अर्ध्यातून का परतले होते. जन्मभर कमरेपर्यंत जमिनीत बसणारा माणूस. त्याच्या पायाखालची जमीनच कुणी काढून घेतली होती.

मावशी त्यांच्या पुढून गेली, एकदाही न पाहता. गारांचं पाणी पट्ट्यांत मुरलं होतं. वाळलेली खळ भिजून पुन्हा पेज झाली, पांढरी, बुळबुळीत, तिच्या पाठीवरून ओघळायला लागली. गाठ सुटली नाही, नुसती घसरली. त्रिशूळ पाठीवरून उतरला, खडकावर आपटला आणि कडेकडे निघाला. ठण, ठण, ठण. मग आवाज नाही.

सगळे कडेशी वाकले. दोन माणसांच्या उंचीइतकं खाली, कपारीत उगवलेल्या एका झाडाच्या मुळांत त्रिशूळ अडकून बसला होता.

नत्थूजींनी हात जोडले. "झालं. महादेवानं खालूनच घेतला. वाहिला समजा, बाई."

"समजा, समजा," मागचे सगळे म्हणाले. ओले होते, थंडीनं कुडकुडत होते, पुण्य पदरात पाडून घ्यायची घाई होती.

मावशी वळली. गारांच्या आवाजात तिचा आवाज ऐकायला सगळ्यांना पुढे यावं लागलं.

"खालून घेते तं वर कायले बसला, नत्थूजी?"

तिनं पट्टे सोडवले. खडकावरून पाण्याचा ओहोळ धावत होता. त्यात ते बुडवले, पिळले, पुन्हा बुडवले. पाणी पांढरं गेलं, मग स्वच्छ गेलं. गाठी मारून एक दोर केला आणि कमरेला बांधायला लागली.

भिंतीशी बसलेले काका डोळे न उघडता म्हणाले, "आता खळ निंगाली. आता धरते ते. ओलं सूत तुटत नाई."

"तुम्हाले कोनी इचारलं?"

पण गाठ तिनं काकांच्याच पद्धतीची मारली, तुटलेल्या ताण्याला मारतात ती.

"दोघं पोरं धरतीन दोर," नत्थूजी म्हणाले. "मजबूत आहेत."

"नाई. हेच धरतीन."

"अवो बाई, त्याले उभं राहता येऊन नाई राहिलं!"

"मी पडली तं मले मालूम तं होईन कोनी सोडलं."

काका उठले नाहीत. बसल्या बसल्या सरकले. त्या खडकात एक भेग होती, हातभर रुंद, वरून खाली गेलेली. त्यांनी आधी एक पाय तिच्यात सोडला, मग दुसरा, आणि कमरेपर्यंत आत गेले. पायांचे दोन्ही तळवे आतल्या दगडाला टेकले. मग त्यांचा चेहरा बदलला. डोळे मिटलेलेच, पण खांदे खाली आले. दोर हातावरून फिरवून घेतला, आणि मागावर बसलेले चंद्रभानकाका पुन्हा आमच्यासमोर होते.

"जा," ते म्हणाले.

मावशी खाली गेली, पाठमोरी, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून. दिसेनाशी झाली, पण ऐकू येत होती. तिनं बोलणं थांबवलंच नाही. आणि प्रत्येक वाक्याला दोर एक वीत पुढे सरकत होता.

"एवढी वर्सं लोकाइकून पाया पडून घेतले."

"हो."

"पोरीच्या कपाळाले विभूती लावली."

"हो."

"ते विभूती कुठची होती?"

दोर थांबला. काकांच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं.

"चुलीतली."

"काहून जी?"

कड्याच्या खालून आलेला तो 'का' मी आजवर कुणाला काढून दाखवू शकलो नाही.

"भेव लागलं होतं वं मले," काका म्हणाले. आम्ही सगळे ऐकतो आहोत हे त्यांना माहीत होतं. नत्थूजी दोन हातांच्या अंतरावर उभे होते. "पायच उठेना. घरी येऊन सांगनार होतो. खरंच सांगनार होतो. पन दारात पाय ठेवला आन् तू पाया पडली. सगळ्यात आधी तूच पडली."

गारा थांबून बारीक पाऊस लागला होता. मग मुळं तुटल्याचा आवाज आला, लोखंड दगडाला लागल्याचा आवाज आला आणि मावशीचा.

"मंग लात मारून उठवाचं होतं मले. ओढा आता."

काकांनी ओढलं. पोरं मदतीला धावली तर काकांनी त्यांना नुसती मान हलवून मागे सारलं. हातावर हात, हातावर हात, घाई नाही, झटका नाही. आधी त्रिशूळाची तीन पाती वर आली, मग मावशीचं डोकं. कोपर सोललेलं, कपाळाला माती. वर आली आणि धापा टाकत बसली. काकांच्या तळहातांवर दोराचे लाल वळ होते. तिनं ते पाहिले आणि तोंड फिरवलं.

आईनं पदर फाडून तिच्या कोपराला बांधायला घेतला. मावशी म्हणाली, "राहू दे वं. वर गेल्यावर बांधजो." मग काकांकडे न पाहता काकांना, "उठा. घ्या हा. लटकाची कामं माही, उचलाची तुमची."

शेवटचा चढ काका चार पायांवर चढले. त्रिशूळ मागून ओढत, दगडाला दगड, मुळाला मूळ धरत; मागे मावशी, आणि तिच्या तोंडून एकसारखं हळू आवाजात, "पाय. दुसरा. पाय. दुसरा." त्यांना थांबायची परवानगीच नव्हती. नत्थूजी "हर बोला" म्हणायला लागले तर ती म्हणाली, "तुम्ही चूप राहा. ह्यांचं ध्यान तुटते."

आणि मग चढ संपला. एकदम. जणू कुणी डोंगर कापून ठेवला होता. समोर सपाट, ओला, गवताचा माथा. पडक्या भिंती, देवळाचा झेंडा आणि चहूकडे त्रिशूळ. हजारो. गंजलेले, शेंदूर माखलेले, एकात एक अडकलेले, काही माणसाच्या दुप्पट उंचीचे. ढग त्यांच्यामधून गुडघ्याएवढ्या उंचीवरून फिरत होते.

काका गुडघ्यांवर उठले. डोळे उघडले. "हे तं..." म्हणाले आणि थांबले.

"बोला ना," मावशी म्हणाली. "टोक कुठं आहे?"

तिनं जागा शोधली, एका दगडानं माती उकरली. दोघांनी मिळून त्रिशूळ उभा केला. वाकडा झाला होता, तरी उभा राहिला. जत्थ्यातल्या एकानं नारळ पुढे केला. मावशीनं फोडला, पण हात जोडले नाहीत. देवळाकडे पाहून, सोसायटीच्या कारकुनाशी बोलते त्याच आवाजात म्हणाली, "हे घे. उशीर झाला. पोरीच्या नावानं लिहून घेजो."

नत्थूजी जवळ आले. खोकले. "बाई, एक सांगतो. गल्लीत काई बोलू नका. हा दुसरा त्रिशूळ म्हना. जोडीचा. पहिला होता, आता हा दुसरा. कोनाचीच अब्रू जात नाई." कट्.

काका म्हणाले, "नाई नत्थूजी. मीच सांगीन गल्लीत."

"तुम्ही काई सांगू नका," मावशी म्हणाली. "तुम्ही सांगाले बसले का त्यात वाघ येईन. मी सांगीन."

आणि तिनं सांगितलं. नागपूरला उतरलो त्या संध्याकाळी, पट्टी बांधलेला हात घेऊन, आधी नत्थूजींच्या दारात आणि मग ज्यांना ज्यांना माहीत होतं त्या एकेका दारात. प्रसाद हातावर ठेवायचा आणि सांगायचं. हळू आवाजात. एकालाही "बसा" म्हणायचं सुचलं नाही. एकानं मात्र प्रसाद घेता घेता म्हटलं, "जाऊ द्या ना बाई, आता तं गेला ना वर." मावशीनं त्याच्या हातावरचा प्रसाद परत घेतला.

चार दिवसांनी बाबाराव उमरेडहून आले. शामलानं पाणी दिलं. मावशी दारात बसून कोपरावरची खपली पाहत होती.

"तसं पाहता," बाबाराव जपून म्हणाले, "तारीख काढाची का?"

"काढा. त्रिशूळ वर आहे. मी डोयानं पाहिला, ह्यांनी पन पाहिला." मग ती सरळ बसली. "आन् बाबारावजी, नत्थूजीले आमच्याकडून आमंत्रण नाई. तुमच्याकडून द्याचं असन तं द्या."

बाबारावांनी खड्ड्यातल्या मागाकडे पाहिलं. काका खाली मान घालून विणत होते. "आन् चंद्रभानजी? ते तं बसतीन ना मांडवात?"

"बसतीन," मावशी म्हणाली. "पोरीचे बाप आहेत, बसतीन. पन बोलनार नाईत."